४६५.७५ जीबीचं कोडं: चार टीबीच्या डिस्कवरून गायब झालेलं पार्टिशन

काकांच्या पिशवीतून तीन वस्तू निघाल्या. फोडून उघडलेलं काळं प्लास्टिकचं खोकं, त्यातून काढलेली साडेतीन इंची हार्ड डिस्क, आणि ती बसवायला नवा आणलेला यूएसबी डॉक. सोबत एक चिठ्ठी होती. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जे दिसलं ते त्यांच्या भाच्यानं त्यावर उतरवून दिलं होतं: "जी ड्राइव्ह, ४६५.७५ जीबी, रॉ. पुढे अनअलोकेटेड १५८२.२५. त्याच्यापुढे परत अनअलोकेटेड १६७८.०२." रॉ म्हणजे आतली मांडणी ओळखता न आलेला भाग, अनअलोकेटेड म्हणजे कुठल्याच पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या आखलेल्या तुकड्यात, नसलेली जागा.

मी चिठ्ठी वाचून बाजूला ठेवली. सगळं उत्तर त्या तीन आकड्यांतच होतं, पण ते दिसायला मला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडावी लागली.

काका भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या मिनी-डीव्ही कॅसेट संगणकावर उतरवायचा नाद लागला. गावची जत्रा, घरातली लग्नं, आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या. डीव्हीचं तासाभराचं चित्रण साधारण १३ जीबी जागा खातं. दोनशे तास भरले म्हणजे झाले अडीच टीबीच्या वर. कॅसेटना बुरशी धरत चालली होती, म्हणून उतरवून झालेल्या बऱ्याचशा त्यांनी टाकूनही दिल्या होत्या. "आता डिस्कवर आहेच की," हा त्यामागचा विचार. दुसरी प्रत नव्हती. यावर मी काही बोललो नाही, त्यांचा चेहराच पुरेसं बोलत होता.

झालं होतं असं. खोक्याचं यूएसबी सॉकेट काढून-घालून ढिलं झालं आणि डिस्कचा संपर्क मध्येच तुटायला लागला. भाच्यानं विचार केला, आत साधी साटा (संगणकाच्या आत लावतात त्या जोडणीची) डिस्कच असणार. खोकं फोडू आणि डॉकला लावू. विचार चुकीचा नव्हता. डिस्क फिरली, विंडोजला दिसली, आणि पाटी आली: ही ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. भाच्यानं कॅन्सल दाबलं. या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोलाचं काम त्या एका क्लिकचं आहे. मग डिस्क गावातल्या एका दुकानात गेली. तिथं रात्रभर कुठलंसं रिकव्हरी सॉफ्टवेअर चाललं आणि सकाळी निकाल मिळाला: पार्टिशन उडालंय, फायलींची नावं गेली, जे निघेल ते क्रमांकानं निघेल, आणि त्याचे पैसे वेगळे.

मी पहिल्यांदा डिस्कची तब्येत पाहिली. लिनक्स लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, डिस्क आपोआप माउंट होणार नाही, म्हणजे वापरासाठी उघडली जाणार नाही, अशी सोय केली आणि स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे काढले. रिअलोकेटेड सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्क ज्या लहान तुकड्यांत मोजली जाते तो एक तुकडा) शून्य, पेंडिंग शून्य, अनकरेक्टेबल शून्य. आवाज सरळ. म्हणजे यंत्र ठणठणीत, बिघाड असलाच तर लिहिलेल्यात. त्याच अहवालात एक ओळ होती: लॉजिकल सेक्टर ५१२ बाईट, फिजिकल ४०९६. आजकालच्या बहुतेक डिस्कवर हीच ओळ असते, म्हणून नजर तिच्यावरून घसरून गेली.

मग प्रत. माझ्याकडच्या आठ टीबीच्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या साधनानं पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी इमेज घेतली. चार टीबीला आठेक तास लागले, एकही वाचन-चूक आली नाही. यानंतर मूळ डिस्क पिशवीत परत गेली आणि जे काही करायचं ते इमेजवर. "डिस्क चांगली आहे, मग कशाला एवढा वेळ घालवायचा?" असं विचारणारे भेटतात. पार्टिशन टेबलाशी, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठं आहे याच्या यादीशी, खेळताना चूक डिस्कची नसते, आपली असते, म्हणून.

सकाळी इमेजवर टेस्टडिस्क चालवलं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे मोफत, मुक्त स्रोत साधन हरवलेली पार्टिशनं शोधण्यात वर्षानुवर्षं खात्रीचं आहे. पटकन शोध, मग खोल शोध. तीन-चार तास गेले, आणि हाती आलेल्या यादीतलं काही धड पटेना. दोष साधनाचा नव्हता. डिस्क ज्या मापानं दाखवली जात होती, त्याच मापानं ते शोधत होतं. पण ते मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

म्हणून शेवटी जे आधीच करायला हवं होतं ते केलं: पहिला सेक्टर उघडून बाईट वाचायला बसलो.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमबीआर डिस्कवर पहिल्या ५१२ बाईटांत सगळा कारभार असतो. ४४६व्या बाईटपासून चार नोंदी, प्रत्येक १६ बाईटची, आणि अगदी शेवटी ५५ एए ही दोन बाईटची सही (बाईट सोळाच्या अंकपद्धतीत लिहितात, म्हणून मध्ये अक्षरं). सही जागेवर होती. चारपैकी एकच नोंद भरलेली, बाकी तीन शून्य. भरलेल्या नोंदीत प्रकार ०७, म्हणजे एनटीएफएस, विंडोजची फायली मांडायची पद्धत. शेवटचे आठ बाईट असे: ०० ०१ ०० ००, मग ०० १६ ३८ ३ए. हे उलट्या क्रमानं वाचायचे असतात. पहिल्या चारांचा अर्थ, पार्टिशन २५६व्या सेक्टरवर सुरू होतं. पुढच्या चारांचा अर्थ, त्याची लांबी ९७,६७,५४,१७६ सेक्टर.

इथं मला दोन गोष्टी टोचायला हव्या होत्या. पहिली लगेच टोचली. उडालेलं टेबल असं दिसत नाही. उडालेल्या टेबलात कचरा असतो किंवा शून्यं असतात. ही नोंद नीटनेटकी होती, कुणीतरी शुद्धीत लिहिलेली. पण तिच्या सांगण्याप्रमाणे २५६व्या सेक्टरवर, म्हणजे १,३१,०७२व्या बाईटवर गेलो तर तिथं फक्त शून्यं. थोडं पुढे सरकत गेलो तर १०,४८,५७६व्या बाईटवर मात्र ईबी ५२ ९० आणि त्यापुढे स्वच्छ अक्षरांत एनटीएफएस. पार्टिशनची सुरुवात तिथं होती, म्हणजे ५१२च्या हिशेबानं २०४८व्या सेक्टरवर.

"सापडलं," म्हणालो मी. नोंदीत २५६च्या जागी २०४८ लिहायचे आणि मोकळं व्हायचं, असा बेत केला. लांबीही त्याच पटीत वाढवायची तर ७,८१,४०,३३,४०८ सेक्टर. आणि इथं अडलं. त्या खान्याला चारच बाईट आहेत. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ५१२ बाईटचा सेक्टर धरला तर एमबीआरच्या नोंदीत २.२ टीबीहून मोठं पार्टिशन लिहिताच येत नाही. एवढ्यासाठीच तर पुढे जीपीटी हे नव्या पद्धतीचं टेबल आलं.

मग चार टीबीचं एकच पार्टिशन या टेबलात होतं तरी कसं?

काका दुपारी आले तेव्हा मी त्यांना तेच विचारलं. आधी किती ड्राइव्ह दिसायच्या? दोन? तीन? त्यांनी खिशातली डायरी काढली. घेतलेल्या दिवशीची नोंद होती त्यात: जी ड्राइव्ह, एकूण जागा ३.६३ टीबी. एकच ड्राइव्ह, पहिल्यापासून. डायरी ठेवणाऱ्या माणसाची डिस्क दुरुस्त करण्यासारखं सुख नाही.

माझ्यासमोर कागदावर ते दोन आकडे लिहिलेले होते. काकांनी कागद फिरवून स्वतःकडे घेतला.

"ही मापं कशातली?"

"सेक्टरमधली, काका."

"एक सेक्टर केवढा?"

"पाचशे बारा बाईट."

"कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. नोंदीत ते कुठंच लिहिलेलं नसतं. सोळा बाईटांत सुरुवात आहे, लांबी आहे, प्रकार आहे. सेक्टर केवढा, हे टेबल सांगत नाही. ते डिस्क सांगते. किंवा डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये बसलेला पूल सांगतो.

काका आपल्याच तंद्रीत होते. "आमच्याकडं जुनी टिपणं शंकू साखळीची असायची. तेहतीस फूट लांब, सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला एक गुंठा. नवीन आलेला पोरगा ते टिपण घ्यायचा आणि सहासष्ट फुटी साखळीचं समजून शेतात उभा राहायचा. मग बांध भलतीकडं, दगड सापडत नाहीत, आणि हा येऊन सांगणार, साहेब, टिपण चुकीचं आहे." ते हसले. "टिपण चुकीचं नसतंय रे. साखळी बदललेली असते."

मी चिठ्ठी शोधली. ४६५.७५ गुणिले ८. बरोबर ३७२६. चार टीबीची डिस्क विंडोजच्या मोजणीत तेवढीच भरते: ३७२६ जीबी, म्हणजेच डायरीतले ३.६३ टीबी.

५१२ आणि ४०९६ यांच्यात आठ पटीचाच फरक आहे. २५६ गुणिले ४०९६ केले की १०,४८,५७६. एनटीएफएस जिथं प्रत्यक्ष सापडलं होतं ती जागा.

नोंद पहिल्यापासून खरी होती. पार्टिशन कुठंच गेलं नव्हतं.

मधल्या पुलाची करामत

यूएसबीच्या खोक्यात डिस्कशिवाय एक छोटा सर्किट बोर्ड असतो. साटा डिस्कची भाषा यूएसबीत करून देणं हे त्याचं काम. दोन टीबीपेक्षा मोठ्या बाहेरच्या डिस्क बाजारात आल्या तेव्हा घराघरांत अजून विंडोज एक्सपी होतं, आणि एक्सपीच्या नेहमीच्या ३२ बिट आवृत्तीला जीपीटी डिस्क वाचता येत नव्हती. एमबीआरमध्ये तर २.२ टीबीची भिंत. त्यावर काही उत्पादकांनी वाट काढली ती अशी: बोर्डानं संगणकाला सांगायचं की माझा सेक्टर ४०९६ बाईटचा आहे. तेवढ्यानं तोच चार बाईटचा खाना आठ पट लांबवर पोचतो आणि एमबीआरची मर्यादा १६ टीबीच्या वर जाते. आतली डिस्क मात्र ५१२चीच भाषा बोलत राहते, बोर्ड गुणाकार-भागाकार करत बसतो. युक्ती चांगली, पण खोक्यावर ती कुठं छापलेली नसते. एक्सपीचा आधार २०१४च्या एप्रिलमध्ये संपला, तरी त्या काळातली खोकी अजून लोकांच्या कपाटांत आहेत.

भाच्यानं खोकं फोडलं तेव्हा हा दुभाषी बाजूला पडला. नव्या डॉकनं डिस्कचं ५१२चं माप जसंच्या तसं पुढे केलं. विंडोजनं टेबल वाचलं, २५६ आणि ९७ कोटींचे आकडे ५१२नं गुणले, डिस्कच्या सुरुवातीचा एक अष्टमांश तुकडा जी ड्राइव्ह म्हणून धरला, आत एनटीएफएस सापडलं नाही म्हणून त्याला रॉ म्हटलं. उरलेल्यातलं २०४८ जीबीपर्यंतचं (विंडोजच्या मोजणीत २.२ टीबीची भिंत इथंच येते) एक रिकामं, आणि एमबीआरच्या भिंतीपलीकडचं दुसरं रिकामं. भाच्याच्या चिठ्ठीतले तिन्ही आकडे यातून बरोबर निघतात.

उलटंही घडतं, हे सांगून ठेवतो. डॉकमध्ये ५१२च्या हिशेबानं भरलेली डिस्क ४०९६ सांगणाऱ्या खोक्यात टाकली तरी पार्टिशन असंच हरवल्यासारखं वाटतं.

बाहेर काढणं

दोन रस्ते होते. एक, त्याच जातीचं खोकं शोधून डिस्क त्यात बसवायची, किंवा जुन्या बोर्डावरचं सॉकेट नवं डकवायचं. नुसतं डिस्क वाचायला हे सगळ्यात सरळ, आणि सोल्डरिंगला हात बसलेला माणूस जवळ असता तर मी तेच आधी केलं असतं. दुसरा रस्ता, पुलाचं काम सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचं. इमेज हाताशी होतीच, म्हणून दुसरा.

लिनक्समध्ये एखादी फाइल डिस्क असल्यासारखी दाखवण्यासाठी लूप डिव्हाइस असतं. ते तयार करणाऱ्या लॉसेटअप या आज्ञेला सेक्टरचं माप सांगता येतं. फार जुन्या लिनक्सवर हा पर्याय मिळत नाही. मी तीन गोष्टी सांगितल्या: फक्त वाचायचं, सेक्टर ४०९६चा, आणि आतली पार्टिशनं स्वतः ओळख. एंटर दाबल्यावर एक पार्टिशन उभं राहिलं, ३७२६ जीबीचं. टेबलातला एकही बाईट मी बदलला नव्हता.

माउंट करण्याआधी एक तपासणी केली, काकांच्या शब्दांत सांगायचं तर दोन्ही बांधांवरचे दगड पाहिले. एनटीएफएसचा बूट सेक्टर पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरवर असतो आणि त्याची नक्कल शेवटच्या सेक्टरवर. दोन्ही काढून ताडले, अक्षर न् अक्षर सारखे. त्या बूट सेक्टरमध्ये अकराव्या बाईटपासून सेक्टरचं माप लिहिलेलं असतं. तिथं ०० १०, उलट वाचलं की ४०९६. म्हणजे उत्तर डिस्कवर लिहिलेलंच होतं, आणि सकाळी एनटीएफएस हा शब्द वाचताना माझी नजर त्याच्या अगदी शेजारीच होती.

हा बाईट आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा. काहीजण विचारतात, जीपीटी टेबल लिहून २०४८व्या सेक्टरपासून पार्टिशन दाखवलं तर विंडोज उघडेल का? टेबल जुळेल, पण आत फाइल सिस्टिम स्वतःला ४०९६ची म्हणवत राहील आणि डिस्क ५१२ची. हा वाद मिटवायला बूट सेक्टरही बदलावा लागेल. एकुलत्या एका प्रतीवर मी तो उद्योग करणार नाही.

फक्त वाचण्यापुरतं माउंट केलं. फोल्डर जसेच्या तसे: वर्षं, त्यात गावं, त्यात कॅसेटचे क्रमांक. काकांनी पहिलं काय उघडायला सांगितलं ते सांगायची गरज नाही. जात्याची घरघर सुरू झाली आणि त्यांनी चष्मा काढला. मी चहा सांगायला बाहेर गेलो.

सगळं नव्या डिस्कवर उतरवायला जवळजवळ रात्र लागली. नवी डिस्क साध्या ५१२च्या मापाची, जीपीटी, नवं एनटीएफएस. मग दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलचं शा-२५६ बेरीज-चिन्ह, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढून ताडलं. एकही फरक नाही. दुकानानं "नावं गेली" म्हटलेल्या सगळ्या फायली नावानिशी परत.

थोडक्यात कुठं वाचलो

भाच्यानं फॉरमॅट दाबलं असतं तर? विंडोजनं त्या खोट्या ४६५ जीबीच्या तुकड्यात नवी फाइल सिस्टिम मांडली असती. फायलींची मुख्य यादी, म्हणजे एमएफटी, विंडोज सहसा सुरुवातीपासून तीन जीबीच्या आसपास ठेवतं. जुनी यादीही तिथंच होती. दोन्ही पार्टिशनांच्या सुरुवातीत अंतर किती, तर एक मेगाबाईटपेक्षाही कमी. नवी मांडणी जुन्या यादीच्या दारातच जाऊन बसली असती. चित्रणाचा बहुतेक भाग तरीही डिस्कवर राहिला असता, पण कुठला तुकडा कुठल्या फायलीचा हे सांगणारं कागदपत्र फाटलं असतं.

विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्कही त्या दुकानात चालवून पाहिलं होतं म्हणे. सुदैवानं रॉ ड्राइव्हवर ते चालायलाच नकार देतं.

आणखी एका बाबतीत नशीब होतं. काही खोक्यांतला बोर्ड नुसतं माप बदलत नाही, लिहिलेलं सगळं कूटबद्धही करतो, मालकानं पासवर्ड ठेवलेला नसला तरी. अशी डिस्क बाहेर काढली की पहिल्या सेक्टरपासून निव्वळ गोंधळ दिसतो. ना ५५ एए, ना ०७. तिथं लॉसेटअप काही करू शकत नाही, जुना बोर्डच जिवंत करावा लागतो. म्हणून खोकं फोडलंत तरी तो बोर्ड फेकू नका. आणि अडीच इंची छोट्या डिस्कचं खोकं तर फोडूच नका: पुष्कळांत यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या मुख्य बोर्डावरच असतं, आत साटा नसतोच.

विंडोज नेमकं काय म्हणतंय, याकडेही मी आता जास्त लक्ष देतो. "इनिशियलाइझ करा" म्हणजे त्याला पहिल्या सेक्टरवर टेबलच ओळखता आलं नाही. "फॉरमॅट करा" म्हणजे टेबल वाचलं, पार्टिशन मानलं, पण आत ओळखीची फाइल सिस्टिम मिळाली नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत. काकांची डिस्क पहिल्या क्षणापासून दुसरं सांगत होती आणि आम्ही सगळे पहिल्याचं औषध शोधत होतो.

महिन्याभरानं काका पुन्हा आले. यावेळी दोन डिस्क होत्या, एक त्यांच्याकडे राहणारी आणि एक मुलीच्या घरी पुण्याला जाणारी. जुनीही सोबत आणली होती, पुसायची नाही या अटीवर. तिच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं, टिपणावर लिहावं तशा वळणदार अक्षरात, त्यांनी लिहिलं होतं: साखळी ४०९६.